स्फुरदाचा प्रवास

उसाला डी.ए.पी. घालतात, त्यात स्फुरद असते. स्फुरद म्हणजेच फॉस्फरस. त्याने पिकाची मुळे वाढतात. आपल्या हाडांत आणि दातांतही स्फुरद आहे. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा सगळ्यांनी आधी दातच चाचपले!

स्फुरद मूळचे खडकातले. खडक झिजून माती होते. मातीतून ते वैरणीत, वैरणीतून म्हशीत आणि शेणातून परत रानात येते. पाण्यासारखे ते वाफ होऊन ढगात जात नाही. म्हणून उसाचे पाचट पेटवले तरी ते बहुतेक राखेतच राहते. पण वळीव आला की राख आणि माती ओढ्याला जाते. ओढा पंचगंगेला, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला, कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिथे स्फुरद तळाशी बसते. त्याचा खडक होऊन वर यायला लाखो वर्षे लागतात. एवढं कोण थांबणार!

वाटेतही ते गप बसत नाही. त्यात गावांचे सांडपाणी मिसळते आणि इचलकरंजीकडे नदीत जलपर्णी माजते. मग पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात.

यंदा आमच्या आबांनी पाचट पेटवले नाही, सरीत कुजवले. शेजारचे काका म्हणाले, "उंदीर होतील." आबा म्हणाले, "होऊ देत की, खत तरी माझ्याच रानात ऱ्हाईल." उंदीर झाले खरे, पण थोडेच.