संगणकाची स्मृती व साठवण : परीक्षार्थींसाठी अभ्यास



आपल्यापैकी अनेकजण बँक, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करीत आहेत. ग्रामीण बँकांच्या मुख्य परीक्षेत तर संगणकज्ञानाचा स्वतंत्र विभाग असतो, आणि संगणकाची स्मृती म्हणजेच मेमरी हा त्यातील हमखास विचारला जाणारा भाग होय. आपली मुले या भागाची तयारी कशी करतात? गाईडमधला तक्ता घोकतात. रॅम तात्पुरती, रॉम कायमची, हार्ड डिस्क दुय्यम. प्रश्न सरळ आला तर गुण पदरात पडतो. पण शब्द थोडे फिरवले की तक्ता उपयोगी पडत नाही, आणि आयबीपीएसच्या परीक्षेत चुकीच्या उत्तरापोटी त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा वजा होतो. म्हणजे अर्धवट पाठांतर कोऱ्या उत्तरापेक्षा महाग पडते.

म्हणून तक्ता बाजूला ठेवून तीन प्रश्न ध्यानात धरावेत. स्मृतीचा कोणताही प्रकार समोर आला की विचारावे : वीज गेल्यावर मजकूर टिकतो का? प्रोसेसरला तो मिळण्यास किती वेळ लागतो? आणि तेवढ्याच पैशात किती साठवता येते? या तिन्ही कसोट्यांना एकाच वेळी पुरेपूर उतरेल अशी वस्तू अजून बाजारात मिळत नाही. जी वेगवान ती महाग, जी स्वस्त ती संथ. संगणकात स्मृतीचे इतके प्रकार का, याचे उत्तर एवढेच आहे.

अभ्यासिकेत बसलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. ओठांवरची आकडेमोड म्हणजे रजिस्टर, हाताखालची वही म्हणजे कॅश, टेबलावर पसरलेली पुस्तके म्हणजे रॅम आणि भिंतीलगतचे कपाट म्हणजे हार्ड डिस्क. मात्र खरे अंतर या उदाहरणातून कळत नाही. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू, तर फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. रॅमचा तो काळ १ सेकंद मानला तर डिस्कचा होतो १ लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तासांहून अधिक! टेबलावरचे पुस्तक सेकंदात हाती येते आणि कपाटातले उद्या. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरतो, त्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. त्या वेळी यंत्र का रेंगाळते, हे आता वेगळे सांगावे लागू नये.

आता फसवे शब्द पाहू. रॅमचे दोन प्रकार, स्टॅटिक आणि डायनॅमिक. स्टॅटिक म्हणजे स्थिर, तेव्हा वीज गेली तरी ती टिकत असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वीज गेली की दोन्ही कोऱ्या होतात. डायनॅमिक रॅममध्ये प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर असतो. त्या कपॅसिटरमधला विद्युतभार फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखा झिरपत असतो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. स्टॅटिक रॅमला हे भरणे लागत नाही, एवढ्यापुरतीच ती स्थिर. तिच्या एका बिटास बहुधा सहा ट्रान्झिस्टर लागतात. त्यामुळे ती वेगवान पण महाग, आणि म्हणून कॅशपुरती वापरतात.

दुसरा गैरसमज असा की रॉम ही रॅमच्या उलट. रॅमच्या नावातील रँडम ॲक्सेस याचा अर्थ कोणत्याही कप्प्यापर्यंत थेट पोचता येणे. तसे तर रॉममध्येही पोचता येते! रॉमचे नाव लिहिण्यावरील बंधनावरून पडले आहे. पीरॉमवर एकदाच लिहिता येते. ईपीरॉम अतिनील किरणांनी पुसतात, ईईपीरॉम विजेनेच पुसता येते. याच शेवटच्या घराण्यातील फ्लॅश मेमरी, जी गटागटाने पुसली जाते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. आजचा पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी ही सारी फ्लॅशचीच रूपे होत. मोबाईलच्या दुकानात ‘८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम’ अशी पाटी दिसते. त्यातील रॉम हा शब्द दुकानदारीचा आहे. ज्यावर आपण रोज छायाचित्रे उतरवतो आणि पुसतो, ते केवळ वाचनासाठी कसे असेल? परीक्षेत पाटी विसरावी.

मोजमापाचा भाग अनेकांना रुक्ष वाटतो. त्यासाठी आपल्याच राज्यातील एक यंत्र पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी टिफ्रॅक हा संगणक घडवला, तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि लोखंडी सांगाडा १८ फूट लांब होता. त्याची मुख्य स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गणित करा : २०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०,२४० बाइट. १०२४ ने भागा. नेमके १० केबी! आज बँकेच्या ऑनलाइन अर्जास जोडावयाचे छायाचित्र २० ते ५० केबीचे मागतात. एवढ्या मोठ्या यंत्राच्या स्मृतीत एका उमेदवाराचा फोटोही मावला नसता. सही आटोपशीर असती तर कशीबशी बसली असती.

टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती, आणि अशा कड्या वीज गेल्यावरही मजकूर धरून ठेवतात. ‘मुख्य स्मृती तात्पुरती’ हे आजच्या रॅमचे लक्षण आहे, स्मृतीचा सनातन नियम नव्हे. पर्यायी प्रश्नात मात्र आजच्या रॅमप्रमाणेच उत्तर लिहावे.

दुय्यम साठवणीत हार्ड डिस्क चुंबकीय, सीडी व डीव्हीडी प्रकाशीय आणि एसएसडी अर्धवाहक. सीडीत ७०० एमबी, एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी. चुंबकीय फीत क्रमाने वाचावी लागते, म्हणून संथ. पण मोठ्या संस्था जुनी माहिती जपण्यास ती अद्याप वापरतात. ५०० जीबीची डिस्क संगणकात सुमारे ४६५ जीबी दिसते, याचेही कारण मोजमापात आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

येथे परीक्षेपलीकडचे थोडे सांगणे अगत्याचे वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आपल्या शहरातील व आसपासच्या गावांतील घराघरांत शिरले. अशा वेळी कपाटातील गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र यांचा चिखल होतो, आणि निवड झालेला उमेदवार कागदपत्र पडताळणीत अडकतो. मूळ कागदाची जागा प्रत घेत नाही. तरी प्रत असेल तर क्रमांक व दिनांक हाती राहतात आणि दुय्यम प्रतीचा अर्ज करणे सोपे जाते. फ्लॅश वीज नसताना टिकते, पण पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातील विद्युतभारही हळूहळू ओसरतो. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी ईमेलमध्ये आणि जी कागदपत्रे मिळतील ती २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्ये ठेवावीत. पेन ड्राइव्ह त्याच कपाटात ठेवू नये, हे ओघाने आलेच.

सरावासाठी दोन प्रश्न. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते, तर हवी ती जागा फिरून डोक्याखाली येण्यास सरासरी किती वेळ लागेल? एका फेऱ्यास ६० भागिले ७२००, म्हणजे ८.३३ मिलिसेकंद, सरासरीने अर्धा फेरा, म्हणून सुमारे ४.१७. दुसरा : एसएसडी, कॅश, हार्ड डिस्क, रजिस्टर, रॅम यांचा वेगानुसार उतरता क्रम लावा. रजिस्टर, कॅश, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क. हाच क्रम एका बाइटमागील किमतीचाही आहे, तेव्हा प्रश्न किमतीवर आला तरी उत्तर बदलणार नाही.