हिशेबाचें चित्र : संगणकावरील अहवाल व आलेख कसे करावे आणि कसे वाचावे

हिशेब लिहिणें व हिशेब पाहणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्यांतील पुष्कळ जाणते शेतकरी जमाखर्च नियमानें ठेवितात. कित्येकांनीं तो आतां वहींतून काढून संगणकावर किंवा हातांतील मोबाईलवर नेला आहे. सहकारी सोसायट्या व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कचेऱ्यांतून तर टॅली, एक्सेल यांसारख्या साधनांवर रोजचें काम चालतें. परंतु नोंदी जमल्या म्हणजे ज्ञान झालें असें नव्हे. वर्षाच्या दोन-तीनशें ओळी नुसत्या वाचून कोणतें पीक घर चालवितें व कोणतें घर खातें, हें सांगणें फारच थोड्यांस साधतें. त्यासाठीं या साधनांत दोन सोयी केलेल्या असतात. एक अहवाल, म्हणजे विखुरलेल्या नोंदींचा गटवार गोषवारा. व दुसरी आलेख, म्हणजे त्या गोषवाऱ्याचें चित्र. माल आज विकावा कीं ठेवावा, पुढील सालीं कोणत्या पिकास पाणी द्यावें, असले निर्णय आतां अशा चित्रांकडे बोट दाखवून घेतले जातात. तेव्हां चित्र खरें कीं फसवें हें ओळखणें हा केवळ कारकुनाचा प्रश्न राहिलेला नाहीं. तो धन्याचा प्रश्न झाला आहे. म्हणून या दोन सोयींचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे.

मूळ कल्पना

आंकड्यांचें चित्र काढण्याची कल्पना नवी नाहीं. विल्यम प्लेफेअर नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं लंडन येथें एक पुस्तक प्रसिद्ध करून इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आंकडे रेघांच्या रूपानें मांडले. स्कॉटलंडच्या व्यापाराचा स्तंभालेखही त्याच पुस्तकांत होता. वर्तुळाच्या फांका करून हिस्से दाखविण्याची रीत त्यानेंच १८०१ सालीं पुढें आणिली. पुढें १८२१ मध्यें शेतीच्या हलाखीवर लिहितांना त्यानें १५६५ पासूनचे गव्हाचे भाव स्तंभांनीं व मजुरीचे दर रेघेनें एकाच पटावर काढले. मजुरीच्या मानानें गहूं पूर्वीं कधींही इतका स्वस्त नव्हता, असें त्याचें म्हणणें होतें. परंतु तें त्या चित्रांत चटकन दिसत नाहीं. गव्हाचा भाव निराळा व मजुरी निराळी काढली आहे. एका मापाच्या गव्हासाठीं मजुरास किती आठवडे राबावें लागे, हा जो खरा प्रश्न, त्याची रेघ काढावयाची राहून गेली आहे. ही उणीव वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें कांद्याच्या उदाहरणांत तिचीच पुन्हां गांठ पडेल.

संगणकावर आंकड्यांचें कोष्टक मांडण्याची सोय १९७९ सालीं विसीकॅल्क या साधनानें लोकप्रिय झाली व १९८५ मध्यें एक्सेल निघालें. एक आंकडा बदलतांच त्यावर अवलंबून असलेल्या सर्व बेरजा आपोआप बदलतात, हा या कोष्टकांचा मोठा गुण होय. लिब्रेऑफिससारखें साधन तर विनामूल्य मिळतें. तेव्हां पैशाच्या अभावीं कोणाचें अडावें असें नाहीं.

नोंद कशी असावी

अहवालाचें बीं म्हणजे नोंद. बीं किडकें असल्यास पिकाची आशा व्यर्थ होय. यासाठीं पुढील नियम पाळावे.

पहिला नियम असा कीं, एका व्यवहारास एकच ओळ द्यावी व प्रत्येक बाबीस स्वतंत्र रकाना ठेवावा : तारीख, शेताचें नांव किंवा गट नंबर, पीक, जमा कीं खर्च, खर्चाची बाब, वजन व रक्कम. दुसरा, मध्यें कोरी ओळ सोडूं नये व महिनाअखेरची बेरीज नोंदींत घुसवूं नये. नाहींतर संगणक त्या बेरजेसही एक व्यवहार समजून ती पुन्हां मोजतो आणि उत्पन्न दुप्पट दिसूं लागतें. तिसरा, एका वस्तूस वर्षभर एकच नांव द्यावें. "कांदा", "उन्हाळी कांदा" व "कांदा उन्हाळ" हीं माणसास एक वाटलीं तरी यंत्रास तीन पिकें होत. चौथा, आंकड्याच्या रकान्यांत आंकडाच लिहावा. "५ क्विंटल" असें लिहिल्यास यंत्र तो आंकडा न मानतां शब्द मानतें व बेरजेंतून वगळतें. क्विंटल हें माप रकान्याच्या माथ्यावर एकदांच लिहावें म्हणजे झालें. तारखेचेंही तसेंच, ती तारीख म्हणून न लिहितां शब्द म्हणून लिहिली तर महिने क्रमानें लागत नाहींत.

जो खर्च लिहिला नाहीं तो कोणत्याही अहवालांत दिसणार नाहीं, हेंही विसरूं नये. घरच्या माणसांची मेहनत, घरचें शेणखत, घरचें बियाणें यांची रास्त किंमत धरून नोंद करावी. विहिरीवरील वीजबिलासारखा सामाईक खर्च एकाच पिकाच्या माथीं न मारतां, तें पाणी ज्या ज्या पिकांस गेलें त्यांवर बेतानें वांटून घालावा.

गोषवारा

नोंदी अशा स्वच्छ असल्या म्हणजे गोषवारा करणें हें घटकाभराचें काम आहे. एक्सेलमध्यें या सोयीस पिव्होट टेबल म्हणतात. लिब्रेऑफिसमध्येंही ती आहे. सर्व नोंदी निवडून ही सोय उघडावी. आडव्या ओळींच्या जागीं "पीक", उभ्या रकान्यांच्या जागीं "जमा कीं खर्च" व मोजावयाच्या जागीं "रक्कम" ठेवावी. लागलीच प्रत्येक पिकाची एकूण जमा व एकूण खर्च समोरासमोर उभा राहतो. नंतर "पीक" काढून तेथें "शेत" ठेवावें. तेच आंकडे आतां शेतवार लागतात. सगळ्या जमिनीचा मिळून नफा दिसत असतां एखादा तुकडा वर्षानुवर्षें तोट्यांत चालला आहे, हें बहुधा या दुसऱ्या मांडणींत प्रथम उघडकीस येतें. मूळ नोंदींत मागाहून भर घातल्यास गोषवारा "रिफ्रेश" करण्यास विसरूं नये. एरवीं एक्सेलचा गोषवारा जुनेच आंकडे दाखवीत राहतो, आणि शिळ्या अहवालावर ताजा निर्णय घेतला जातो.

येथें सरासरीचा एक सापळा आहे. समजा, एका शेतकऱ्यानें १० क्विंटल माल २,००० रुपये दरानें, ४० क्विंटल १,४०० रुपये दरानें व ५० क्विंटल १,००० रुपये दरानें विकला. दराच्या रकान्याची सरासरी काढा असें यंत्रास सांगितल्यास तें तीन दरांची बेरीज करून तिहींनीं भागतें व सुमारें १,४६७ रुपये असें उत्तर देतें. वस्तुतः १०० क्विंटलांचे हातीं आले १,२६,००० रुपये. म्हणजे खरा दर १,२६० रुपयेच पडला. क्विंटलामागें दोनशेंहून अधिक रुपयांचा हा फरक केवळ प्रश्न चुकीचा विचारल्यामुळें झाला. म्हणून दराची सरासरी कधींही थेट घेऊं नये. एकूण रकमेस एकूण वजनानें भागावें.

आलेखाची निवड

काळाप्रमाणें होणारा चढउतार दाखवावयाचा असल्यास रेघ काढावी. पिकापिकांची किंवा शेताशेतांची तुलना करावयाची असल्यास स्तंभ काढावे. वर्तुळाच्या फांका फक्त एका संपूर्ण वस्तूचे थोडे हिस्से दाखविण्यास योग्य. उदाहरणार्थ, एकूण खर्चांत मजुरी, खत, औषध व वाहतूक यांचा वांटा. नफातोट्यासाठीं वर्तुळ वापरूं नये. तोट्यास फांक नसते. एक्सेल तर तोट्याचा आंकडाही नफ्यासारखीच फांक करून दाखवितें. स्तंभांत मात्र तोटा शून्याच्या खालीं उतरलेला स्पष्ट दिसतो.

कांद्याचें उदाहरण

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. रब्बी कांदा काढून चाळींत भरला म्हणजे विकावा केव्हां, हा प्रश्न नाशिक, नगर, पुणें या भागांतील शेतकऱ्यांस दरसाल पडतो. समजा, एप्रिलमध्यें १०० क्विंटल कांदा हातीं आहे व भाव क्विंटलास १,२०० रुपये आहे. जुलैमध्यें भाव १,५०० रुपये झाला. भावाची रेघ काढल्यास ती वर चढलेली दिसेल व ज्यानें माल ठेवला तोच शहाणा ठरला असें वाटेल. परंतु सुकणें, सडणें व मोड येणें यांमुळें चाळींतील वजन घटतें. ही घट शेंकडा २५ धरली तर जुलैमध्यें ७५ क्विंटलच माल उरला. त्याचे आले १,१२,५०० रुपये. एप्रिलमध्यें विकला असता तर १,२०,००० आले असते. भाव चढला, परंतु पैसा ७,५०० रुपयांनीं उतरला. शिवाय निवडणीची मजुरी व इतर खर्च ५,००० रुपये धरला तर एकूण तोटा १२,५०० रुपयांचा झाला.

दोष भावाच्या रेघेचा नव्हे. ती खरीच आहे. पण शेतकऱ्याचा प्रश्न "भाव काय" हा नसून "चाळींत घातलेल्या प्रत्येक क्विंटलाचे हातीं काय येतील" हा आहे, आणि त्याची रेघ कोणीं काढलीच नाहीं. प्लेफेअरच्या पटांत राहिलेली उणीव ती हीच. उपाय सोपा आहे. कोष्टकांत आणखी एक रकाना करावा; भावास उरलेल्या वजनाच्या प्रमाणानें गुणावें व तोंवर झालेला खर्च क्विंटलवार वजा करावा. वरील उदाहरणांत हा आंकडा १,१२५ उणे ५०, म्हणजे १,०७५ रुपये येतो. याची रेघ भावाच्या रेघेजवळ काढली म्हणजे दोहोंमधील वाढतें अंतर डोळ्यांस दिसतें. ठेवलेल्या मालास निदान बरोबरी साधण्यास १,२५,००० रुपये ७५ क्विंटलांतून यावयास हवेत, म्हणजे भाव सुमारें १,६६७ रुपये हवा, हेंही त्यावरून निघतें. घटीचें प्रमाण मात्र दुसऱ्याचें घेऊं नये. आपल्या चाळीचें, आपल्या वाणाचें, दर महिन्यास थोडा माल तोलून स्वतः काढावें.

सभेंत काय विचारावें

संस्थेच्या वार्षिक सभेंत रंगीत आलेख दाखविले जातात. ते पाहतांना सभासदांनीं तीन प्रश्न विचारावे. पहिला, मोजपट्टी शून्यापासून सुरू होते काय? मागील सालीं विक्री १,००० क्विंटल व यंदा १,०५० झाली, तर वाढ शेंकडा ५ च आहे; पण मोजपट्टी ९८० पासून सुरू केली तर यंदाचा स्तंभ साडेतीन पट उंच दिसतो. दुसरा, सालें सर्व आहेत काय, कीं वाईट सालें वगळून चांगलीं तेवढींच निवडलीं? तिसरा, हें चित्र ज्या नोंदींवरून काढलें त्या पाहावयास मिळतील काय? चित्रावरून मूळ नोंदीपर्यंत जातां येत नसेल तर तें चित्र केवळ भिंतीची शोभा होय. हे प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. चोख कारभार करणाऱ्या चिटणिसास असे सभासद हवेच असतात.

संगणक बेरीज चुकत नाहीं. पण काय मोजावें हें त्यास कळत नाहीं. तें शेतकऱ्यासच ठरवावें लागतें. म्हणून या हंगामापासून निदान एका शेताचा, एका पिकाचा हिशेब वर सांगितलेल्या रीतीनें मांडावा, त्याचा गोषवारा करावा व एक रेघ काढून घरांतील सर्वांस दाखवावी. पुढील सालीं त्याच पिकाचा बेत करावयास बसतांना हातांत अंदाजाऐवजीं पुरावा असेल, आणि शेताच्या एका सालाच्या श्रमाचें मोल त्यावरून ठरेल.