'पोट' या शब्दाची कुळी

'हात' हा शब्द संस्कृत 'हस्त' या शब्दापासून प्राकृतातील 'हत्थ' या रूपाच्या द्वारे मराठीत उतरला. 'कान' हा 'कर्ण' व 'कण्ण' यांच्या वाटेने आला. 'पोट' या शब्दाची कुळी मात्र इतकी सरळ लागत नाही. संस्कृतात पोटाला 'उदर' किंवा 'जठर' म्हणतात. या दोहोंपैकी कोणत्याही शब्दातून 'पोट' निष्पन्न होत नाही. प्राकृतात 'पोट्ट' असे रूप आढळते खरे. परंतु 12व्या शतकात हेमचंद्राने त्याला आपल्या 'देशीनाममाला' या कोशात, म्हणजे संस्कृतावरून व्युत्पत्ती न लागणाऱ्या शब्दांत, स्थान दिले.

म्हैसूरला गेलेल्या मराठी माणसाच्या कानी पोटासाठी 'होट्टे' हा कानडी शब्द पडतो. प्रथम तो परका वाटतो. पण तेलुगूतील 'पोट्ट' शेजारी ठेवताच नाते ध्यानात येते. कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा कालांतराने 'ह' झाला. तमिळमध्ये दूध म्हणजे 'पाल्', कानडीत 'हालु'. वाघ तेथे 'पुलि', येथे 'हुलि'. दहा तेथे 'पत्तु', येथे 'हत्तु'. या बदलाची साक्ष देणारी एक शिळा म्हैसूरच्या पुरातत्त्व संचालनालयात जतन केलेली आहे. हासन जिल्ह्यातील हल्मिडी गावचा हा शिलालेख 1936 साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक एम. एच. कृष्ण यांनी उजेडात आणला. त्याचा काळ साधारणतः इ. स. 450 च्या सुमाराचा मानतात. आज ज्याला हल्मिडी म्हणतात, त्या गावाचे नाव या लेखात 'पल्मिडी' असे कोरलेले आहे!

तेव्हा आजच्या 'होट्टे'वरून 'पोट' झाले, असे कोणी म्हटल्यास ते ग्राह्य धरता येणार नाही. मराठीतला 'प' त्या बदलाच्या आधीचा आहे. मूळ शब्द द्राविड भाषांतून प्राकृतात शिरला असावा, असा तर्क करण्यास मात्र पुरेशी जागा आहे.

अर्थाच्या बाबतीत हा शब्द अवयवापुरता राहिलेला नाही. गर्भवती स्त्री 'पोटुशी', अपत्य 'पोटचे'; शिवाय पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू. आपला 'पोटापाण्याचा उद्योग', तशी कानडीत चरितार्थाला 'होट्टेपाडु' ही संज्ञा आहे. अशा लक्षणा दोन भाषांत स्वतंत्रपणेही उपजतात, म्हणून व्युत्पत्तीसाठी त्यांचा आधार घेऊ नये; पण त्या पाहण्यात मौज आहे. शेजाऱ्याचे बरे झालेले पाहून मराठी माणसाच्या पोटात दुखते. कानडीत मत्सराला 'होट्टेकिच्चु', म्हणजे पोटातील आग, म्हणतात.