मिरासदार कोण, उपरी कोण?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : निर्गम २३:९; लेवीय १९:३३-३४; २४:२२; २५:२३; रूथ २:१-१३; इफिसकरांस २:११-२२



ऑक्टोबर २०१४ पासून जर्मनीतील ड्रेस्डेन नगरात दर सोमवारी संध्याकाळी मोर्चे निघू लागले. पाश्चात्त्य जगाचे इस्लामीकरण थांबवावे, ही मोर्चेकऱ्यांची मागणी होती. त्या गर्दीत राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगविलेला क्रूसही दिसे. ५ जानेवारी २०१५ रोजी त्याच चळवळीचा मोर्चा कलोन येथे निघाला, तेव्हा तेथील सुप्रसिद्ध कॅथीड्रलने निषेधार्थ आपले बाहेरील दिवे मालविले. एके ठिकाणी परक्याला अडविण्यासाठी क्रूस उंचावला गेला. दुसऱ्या ठिकाणी त्याच क्रूसाच्या नावाने अंधार पत्करला गेला. यांपैकी पवित्र शास्त्राला धरून काय आहे, हे आपण या पाठात पाहू.

१. घडले ते काय?

‘जर्मनीसाठी पर्याय’ हा पक्ष २०१३ साली स्थापन झाला. प्रारंभी त्याचा रोख युरो चलनाविषयीच्या धोरणावर होता. त्या वर्षी त्याला ४.७ टक्के मते मिळाली. संसदेत प्रवेशासाठी लागणारे ५ टक्के त्याला गाठता आले नाहीत. २०१५ साली सीरिया, अफगाणिस्तान, इराक इत्यादी देशांतून सुमारे ८ लक्ष ९० हजार आश्रयार्थी जर्मनीत आले. स्थलांतरितांना विरोध हाच आता पक्षाचा मुख्य कार्यक्रम झाला. २०१७ साली त्याला १२.६ टक्के मते मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये २०.८ टक्के मते मिळवून तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला.

२. भीतीची मुळे

या मतदारांना सरसकट दुष्ट ठरविणे न्यायाचे होणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये बर्लिनच्या नाताळ बाजारात, आश्रयाचा अर्ज नामंजूर झालेल्या एका इसमाने मालमोटार घुसवून अनेकांचे प्राण घेतले. अशा घटनांनी लोक भयभीत होतात, हे स्वाभाविक आहे. परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये हनाऊ येथे एका वर्णद्वेष्ट्याने स्थलांतरित कुटुंबांतील नऊ जणांना गोळ्या घातल्या, हेही विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. या पक्षाला सर्वाधिक मते पूर्व जर्मनीत मिळतात. तेथे परदेशीयांचे प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. १९९० च्या एकीकरणानंतर तेथील कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले, गावे ओस पडली. आपल्याला कोणी विचारीत नाही, ही जखम तेथे जुनी आहे. परका मनुष्य त्या जखमेचे कारण नव्हे. मात्र राग काढण्यासाठी तो समोर सापडला. शिवाय त्या प्रांतांत बहुसंख्य लोक कोणत्याच मंडळीचे सभासद नाहीत. ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणाची हाक तेथे उठावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

३. शास्त्राचे शब्द

इब्री भाषेत ‘नोख्री’ म्हणजे परदेशीय, आणि ‘गेर’ म्हणजे आपल्यामध्ये वस्तीला आलेला, पण जमिनीत वतन नसलेला मनुष्य. या दुसऱ्या शब्दासाठी मराठीत ‘उपरी’ हा शब्द चपखल बसतो. आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार शेतकऱ्याचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. उपरी जमीन कसत असे, पण त्याला मिरासी हक्क नसे.

हा अर्थ मनात ठेवून लेवीय २५:२३ वाचावे. भूमी माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरी आहात, अशा आशयाचे वचन देव खुद्द इस्राएलाला सांगतो. तेव्हा मिरासदार एकच आहे, तो म्हणजे देव. बाकी आपण सर्व उपरी. निर्गम २३:९ मध्ये तर, उपऱ्याचे ‘नेफेश’, म्हणजे त्याचा जीव, त्याचे अंतःकरण, मिसरात राहिलेल्या तुम्हांला ठाऊक आहे, असे म्हटले आहे. आज्ञेचा आधार दया हा नसून आठवण हा आहे.

रूथ बवाजापुढे स्वतःला ‘नोख्री’ म्हणविते. आणि मत्तयाच्या वंशावळीत तिचेच नाव प्रभू येशूच्या पूर्वजांत आढळते. इब्री १३:२ मध्ये ज्या शब्दाचा अर्थ आपण पाहुणचार असा करतो, तो मूळ ग्रीक शब्द ‘फिलोझेनिया’, म्हणजे परक्यावरील प्रीती, हा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कोणत्या देशाने किती लोकांना प्रवेश द्यावा, याचा आकडा शास्त्र सांगत नाही. तो राज्यकर्त्यांच्या विवेकाचा विषय आहे. लेवीय २४:२२ प्रमाणे उपऱ्याला व स्वदेशीयाला नियम एकच; म्हणून उपऱ्यावर कर्तव्येही येतात. परंतु त्याच्या माणूसपणाविषयी मतदान घेण्याचा अधिकार शास्त्र कोणालाही देत नाही.

४. मंडळीची साक्ष

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून सुमारे १ कोटी २० लक्ष जर्मन निर्वासित झाले. भाषा एक, धर्म एक, तरीही पुष्कळ गावांनी त्यांना नाखुशीनेच थारा दिला. म्हणजे भीतीला परधर्माचीच गरज असते असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी एकमताने जाहीर केले की, वंशाधिष्ठित राष्ट्रवाद व ख्रिस्ती विश्वास यांचा मेळ बसत नाही. त्याच वेळी, त्या विचारांकडे ओढल्या जाणाऱ्यांशी संवादाचे दार त्यांनी बंद केले नाही. सत्य सांगावे, पण शेजारी गमावू नये, हा धडा यात आहे.

५. आपणांसाठी

आपणही निर्दोष नाही. १९६० च्या दशकात मुंबईत दक्षिण भारतीयांविरुद्ध, आणि २००८ साली उत्तर भारतीयांविरुद्ध, भूमिपुत्रांच्या नावाने आंदोलने झाली. उलट बडोदे, इंदूर, बंगळूर येथे राहणारे आपण मराठी ख्रिस्ती भाषेनेही थोडे आणि धर्मानेही थोडे. उपऱ्याचे नेफेश आपल्याला ठाऊक आहे. ते विसरून क्रूसाची कुंपणकाठी करू लागलो, तर ज्याने वैराची आडभिंत पाडली त्याच्याविरुद्धच आपण भिंत बांधू.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत परप्रांतीय कुटुंब आले, तर पहिल्या महिन्यात त्याच्या घरी कोण जाते?
२. आपल्या मनातील भीती खऱ्या अनुभवातून आली आहे की ऐकीव गोष्टींतून?
३. आपण स्वतः उपरी होतो तो प्रसंग आठवा. तेव्हा आपल्यासाठी दार कोणी उघडले?