तुपातले पान

लोणी कढवताना घरातील जुन्या बायका त्यात विड्याचे पान किंवा कढीलिंबाची डहाळी टाकतात. ती केवळ वासासाठी, असे आपण समजतो. परंतु तूप-तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की ते खवट होते. ही क्रिया लांबवणाऱ्या घटकांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. कारखान्यातील पदार्थांत त्यासाठी बीएचए, बीएचटी ही कृत्रिम रसायने ठराविक मर्यादेत घालतात. या पानांत तेच काम करणारे घटक निसर्गतःच असतात.

कढीलिंब सह्याद्रीच्या जंगलात आपोआप वाढतो. मावळात, तिकोणा पेठेपासून लोणावळ्यापर्यंत डोंगरउतारावर उन्हाळ्यात पिकणारी करवंदे व जांभळे यांचा गडद रंगही याच गुणाचा. पिकलेले फळ तसेच खावे, रंगासकट.

पान धुऊन पूर्ण कोरडे करावे. ओले पान तुपात तडतडते आणि राहिलेल्या पाण्याने तूप लवकर बिघडते. तूप कढत आले की शेवटी पान टाकावे, कुरकुरीत झाले की गाळून काढावे. वारंवार तळलेले तेल मात्र कोणत्याही पानाने सुधारत नाही. रानातला अनोळखी पाला तर घालूच नये. जाणकाराने ओळखलेलाच घ्यावा.

"अँटिऑक्सिडंट" लिहिलेल्या गोळ्यांचे काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 1994 साली निष्कर्ष आला, तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेलाच आढळला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.