तपकिरी रेघांचा नकाशा

अमेरिकेत ॲरिझोना नावाचे कोरडे राज्य आहे. तिथून कोलोरॅडो नदी वाहते. लाखो वर्षे खडक कापून तिने मोठी दरी केली आहे. तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. ती सुमारे ४४६ किलोमीटर लांब आहे.

१९०२ साली फ्रान्स्वा मॅथेस यांनी या दरीचा नकाशा करायला घेतला. त्यांचा जन्म सपाट हॉलंडमधला, आणि काम मिळाले एवढ्या खोल दरीचे! तेव्हा विमानातून फोटो निघत नव्हते. कड्यावर तीन पायांचे टेबल मांडायचे, त्यावर कागद लावायचा आणि दुर्बिणीतून समोरचे सुळके पाहून रेघा ओढायच्या.

नकाशात नदी निळी आहे. जमिनीचा उंचसखलपणा तपकिरी रेघांनी दाखवला आहे. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेघेवरची सगळी ठिकाणे सारख्या उंचीवर असतात. या नकाशात एका रेघेहून दुसरी ५० फूट वर किंवा खाली आहे. रेघा लांब लांब असल्या की उतार सोपा. चिकटून आल्या की तिथे कडा समजावा.

मी हे घरी करून पाहिले. तुम्हीही बघा. घमेल्यात चिकणमातीचा डोंगर करा. बोटभर पाणी ओता. पाणी जिथे टेकते तिथे काडीने रेघ ओढा. पुन्हा बोटभर ओता, पुन्हा रेघ ओढा. मग पाणी काढून वरून बघा, नकाशाच दिसतो!

आता गणित करू. या नकाशात १ इंच म्हणजे ४००० फूट. दरीचा दक्षिण काठ ते उत्तर काठ सरळ अंतर सुमारे १६ किलोमीटर, म्हणजे कागदावर फक्त दीड वीत. पण मोटारीने जायचे तर आजही सुमारे ३४० किलोमीटरचा वळसा पडतो.

आणि पायी? दक्षिण काठावरच्या वस्तीपासून नदी सुमारे ४४०० फूट खाली आहे. ४४०० ला ५० ने भागले की ८८ रेघा येतात. उतरताना काही वाटत नाही, पण तेवढेच परत चढायचे असते. उन्हाळ्यात खाली ४० अंशांच्या वर तापते. पाणी जवळ न ठेवता उतरलेली माणसे आजारी पडतात, काही दगावतातही.

म्हणून नकाशा पाहताना नुसती फूटपट्टी लावू नका. आधी रेघा मोजा, मगच पाण्याची बाटली भरून वाटेला लागा.

— इयत्ता ४ थी