तेल खाणारे जीवाणु व त्यांचें घर



कपड्यांच्या पेटींत ठेवावयाची डांबराची गोळी तुम्हांस परिचित आहेच. ही गोळी पूर्वापार नॅफ्थलिन नामक द्रव्याची करीत आले आहेत. कार्बनच्या सहा परमाणूंचें एक कडें, अशीं दोन कडीं एकमेकांस चिकटून नॅफ्थलिनचा रेणु बनतो. १८२५ सालीं मायकेल फॅरडे यांनीं शोधून काढलेल्या बेन्झीनमध्यें असें एकच कडें असतें. अशा द्रव्यांस अरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. तीं खनिज तेलांत व डांबरांत आढळतात. हें कडें मोठें बळकट. म्हणून पुष्कळ कड्यांचीं द्रव्यें मातींत वर्षानुवर्षें टिकतात, आणि बेन्झीनसारखीं कांहीं तर कर्करोगास कारण होतात.

असें कडें फोडणारे जीव मातींतच आहेत. स्यूडोमोनस पुटिडा हा त्यांपैकीं एक जीवाणु. तो प्रथम प्राणवायूचे दोन परमाणु कड्यास जोडतो. मग कडें उघडतें, त्याचे तुकडे होतात, व त्या तुकड्यांवर जीवाणु पोसतो. शेवटीं उरतात कार्बन डायऑक्साइड व पाणी. याच कुळांतील एका जीवाणूंत आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें तेल पचविण्याच्या अनेक शक्ति एकत्र आणिल्या, आणि १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यावर पेटंट देतां येतें असा निर्णय दिला. तथापि समुद्रांत सांडलेल्या तेलावर त्या जीवाणूचा उपयोग कधींच झाला नाहीं. प्रयोगशाळेंतील सामर्थ्य एक, आणि वाहत्या पाण्यांत टिकणें दुसरें.

मोकळे जीवाणु पाण्याबरोबर वाहून जातात, इतर सूक्ष्म प्राण्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात, अथवा विषाच्या माऱ्यानें मरतात. यास्तव त्यांस घर बांधून द्यावें लागतें. तपकिरी समुद्रशैवालापासून सोडियम अल्जिनेट मिळतें. त्याच्या द्रावणांत जीवाणु मिसळून तें थेंबाथेंबानें कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत सोडिलें, कीं प्रत्येक थेंब गोठून साबुदाण्यासारखा मणी होतो. मण्याच्या छिद्रांतून पाणी, प्राणवायु व दूषित द्रव्य आंत जातें. जीवाणु मात्र आंतच राहतो. असे मणी नळींत भरून त्यांवरून दूषित पाणी सोडितां येतें, व तेच मणी पुनः वापरतां येतात. आपल्या देशांत टेरी या संस्थेनें तयार केलेल्या ‘ऑइलझॅपर’मध्यें मक्याच्या कणसाचे दाणे काढल्यावर उरणाऱ्या भागाची भुकटी हेंच जीवाणूंचें घर असतें.

परंतु घरालाही मर्यादा आहेत. मणी फार मोठा झाला, तर मध्यभागीं प्राणवायु पोंचत नाहीं व तेथील जीवाणु उपाशी राहतात. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेलें तेल तिवरांच्या वनांत शिरलें. तिवरांच्या चिखलांत हवा अत्यल्प. अशा ठिकाणीं कडें फोडण्याचें काम फारच मंदावतें. मुळांत रुतलेलें तेल हातांनींही काढितां येत नाहीं.

म्हणून पालकांसही विनंती आहे कीं, वाहनाचें जळकें तेल गटारांत वा उघड्या जमिनीवर ओतूं नये. तें जुनें तेल घेणाऱ्याच्या स्वाधीन करावें. जीवाणु आपले साह्यकर्ते आहेत खरे. पण आपण एका क्षणांत ओतलेलें तेल पचवावयास त्यांस महिनेच्या महिने लागतात, आणि तोंवर तें विहिरीच्या पाण्यापर्यंत पोंचलेलें असूं शकतें.